कौल

दोनशे कोटींचा सिनेमा बुडाला
हे आम्हाला शुक्रवारीच कळलं.
देवगडात दुपारच्या खेळाला अकरा माणसं,
त्यातली सात आमच्या वाडीची,
स्वतःला शोधायला गेलेली.

सुलोचना तांडेल दिसली, पाठमोरी, टोपलीसकट.
आणि दिसलं भिकू मेस्त्रीचं गलबत,
ज्याला एकच कूस होती, कॅमेऱ्याकडची.
पलीकडे नुसते बांबू, सुतळी, थर्माकोल
आणि सावलीला झोपलेली कुत्री.
चार पिढ्या पाण्यात उतरणारी गलबतं केलेला माणूस,
रोज संध्याकाळी हातोडा ठेवताना विचारायचा,
"ह्येची दुसरी कूस कधी करूची?"
चष्मेवाला पोरगा हसायचा
आणि पुढच्या बाजूला अजून एक गंज रंगवायला सांगायचा.

मग आठवडाभर मोबाइलवर तेच.
जाळ्यात केंड आली की
जो तो ती दुसऱ्याच्या टोपलीत टाकतो, तशी चूक फिरत होती:
हिरोला ऐकवलेली गोष्ट म्हणे वेगळीच होती,
लिहिणाऱ्याची पानं कोणी कापली त्याला माहीत नाही,
दिग्दर्शकाला लोक अजून तयार वाटत नव्हते,
आणि निर्माता, बारावीच्या परीक्षा, क्रिकेट,
सगळं सांगून झाल्यावर म्हणाला
(मी दोनदा ऐकलं)
तिथला समुद्रच पडद्यावर मळकट दिसतो.

समुद्र काही बोलला नाही.
त्याने श्रावणात गलबताची ती एक कूसही नेली.

मी कोणाला सांगितलेलं नाही, ते आता सांगतो.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी मॅनेजर आला देवळात.
वर बघून म्हणाला, छप्पर फारच गेलंय,
आठशे कौलं लागतील ना? समजा आली.
फक्त देवाला विचारून घ्या.
मी कळे भिजवले, पाषाणावर लावले,
गाऱ्हाणं घातलं,
परमुलखातल्या लेकरांनी ह्यो जो काय घाट घातलो हा,
ता काम शेवटाक ने रे म्हाराजा,
मागून सगळे, "होय म्हाराजा!"
मॅनेजरसुद्धा, अर्ध्या दमाने, एक शब्द उशिरा.

डावा पडला.
पुन्हा लावले. डावा.
तिसऱ्यांदा मी हात काढायच्या आतच, डावा,
देव इतका घाईत मी कधी पाहिला नव्हता.
मॅनेजरने घड्याळ बघितलं.
बाहेर दोन क्रेन उभ्या, शंभर माणसांचे पोहे शिजत होते,
आणि गाभाऱ्यात, बरोबर देवाच्या खांद्यावर,
छपरातून उन्हाचा एक रुपया पडला होता.

चौथ्यांदा उजव्या कळ्याला मी पाणी कमी लावलं.
एवढंच.
बोटाच्या टोकावर राहील एवढं पाणी.

फटाके वाजले. मला पाचशे एक रुपये आणि नारळ.
कौलं आली, खरंच आली,
मंगळुरी, लालभडक, शिक्क्याची.
त्यांनी शब्द पाळला.

तर, सिनेमा बुडाल्याला महिना झाला असेल,
भिकू मेस्त्री देवळाच्या पायरीवर येऊन बसला.
बराच वेळ चपलेतली रेती झाडत राहिला.
म्हणाला, "माझीच चूक, गुरवांनू.
दुसरी कूस केली आसती
तर तरला असता."

तो गलबताबद्दल बोलत नव्हता.
त्याच्या पायाला भेगा होत्या, मजुरीतले अठरा हजार
अजून यायचे होते,
आणि दोनशे कोटी त्याने मुकाट्याने
आपल्या डोक्यावर उचलून घेतले होते,
लाकूड उचलतात तसे, कुणी हात न लावता.

तेव्हा सांगायला हवं होतं.
तोंडापर्यंत आलंही होतं.

मी म्हणालो, "आसात."

परवा रात्रभर पाऊस कोसळला.
मी कंदील घेऊन गाभाऱ्यात गेलो, वर बघितलं, खाली बघितलं,
देवाच्या खांद्याला हात लावला.
कोरडा.

सकाळी पाषाण धुतला, फुलं ठेवली.
काही विचारलं नाही.